ताइनान, सासू-सासऱ्यांसकट: कुठे वेळ काढावा, कुठे नको

आधीच सांगून टाकते, तैवानच्या राजधानीहून, म्हणजे तैपेईहून सकाळी निघायचं, दक्षिणेकडचं ताइनान शहर बघायचं आणि रात्री परत, असा प्लॅन कोणी सुचवला तर नुसती मान डोलवा आणि सोडून द्या. हायस्पीड ट्रेन दोन तासांच्या आत पोचवते हे खरंय, एका बाजूचे १,३५० तैवानी डॉलर लागतात (एक डॉलर म्हणजे आपले अडीच ते तीन रुपये धरा), पण उतरवते कुठे तर पार गावाबाहेर. तिथूनच जोडून शालुन नावाचं स्टेशन आहे, तिकडून लोकल पकडायची, साधारण २५ मिनिटं, मग कुठे तुम्ही खऱ्या ताइनान स्टेशनात. गावात मेट्रो नाही. बस आहेत, टॅक्सी आहेत, पण "इथून तिथे पाच मिनिटांत" वगैरे काही नाही. आम्ही तीन रात्री राहिलो आणि तरी बुधवारी आमचा पोपट झाला, तो शेवटी सांगते.

आम्ही तैवानमधल्याच शिनचूत राहतो, नवऱ्याची नोकरी तिथली. जुलैत आम्ही दोघं ताइनानला जाऊन आलो होतो आणि उकाड्याने जीव नकोसा झाला होता, त्यामुळे सासू-सासरे आले तेव्हा मुद्दाम नोव्हेंबर धरला. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी एकटीच दोघांना घेऊन निघाले. बाबा ७१ वर्षांचे, गडकिल्ल्यांचं वेड, पाटी दिसली की पूर्ण वाचून झाल्याशिवाय हलत नाहीत. आई पक्क्या शाकाहारी, चातुर्मास नुकताच सुटलेला तरी कांदा-लसणावर मन यायचंय म्हणत होत्या, आणि गुडघे दुखतात. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की माझं मत याच दोन माणसांच्या वेगाने फिरून झालंय, पाठीला सॅक लावून पळणाऱ्यांनी आपापलं बघून घ्यावं.

सोमवारी सकाळी आनपिंगचा किल्ला. इथे सगळेच फसतात. फोटोत तो पांढरा टॉवर असतो ना, लाल छपराचा, लोक तोच डच किल्ला समजून चढतात, सेल्फी काढतात आणि निघतात. तो टॉवर विसाव्या शतकातला आहे. खालची लाल विटांची चौथऱ्याची बांधणी तैवानवर जपान्यांची सत्ता होती त्या काळात नव्याने केलेली. डचांनी १६२४ साली इथे येऊन जो किल्ला बांधायला घेतला, झीलँडिया नावाचा, त्यातलं जे मोठं शिल्लक आहे ती एक बाहेरची भिंत, आणि तिच्याकडे बघायला निम्मे लोक थांबतसुद्धा नाहीत. वडाची मुळं तिच्यात अशी घुसलीत की भिंतीने झाड धरलंय का झाडाने भिंत, कळत नाही. विटा बारीक, कडा झिजून गोल झालेल्या.

बाबांनी आधी तळहात टेकवला, मग नखाने सांध्यातला चुना खरवडून बघितला (हळूच, मी आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते बघत होते). तिथे सिमेंट नव्हतं, मग विटा जोडल्या कशाने तर साखरेचं पाणी, चिकट तांदळाची पेज, जाळलेल्या शिंपल्यांची पूड आणि वाळू. हे मी वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे अनारशाचं पीठ की हे." आई लगेच, "अनारशात शिंपले कधी घातले मी?" पुढचे तीन दिवस त्या भिंतीचं नाव अनारसा.

आणि मग बाबा सुरू झाले. ही डचांची ईस्ट इंडिया कंपनी म्हणजे वेंगुर्ल्याला जिची वखार आहे तीच. १६६१ च्या एप्रिलअखेर कोशिंगा, म्हणजे चंग छंगगोंग, मिंग घराण्याच्या बाजूने लढणारा सरदार, चीनच्या किनाऱ्यावरून गलबतं घेऊन आला आणि या किल्ल्याला नऊ महिने वेढा घालून बसला, १६६२ च्या फेब्रुवारीत डचांनी किल्ला सोडला. "आणि आपल्याकडे पन्हाळ्याचा वेढा १६६०," बाबा म्हणाले, "म्हणजे महाराज तिथून निसटले आणि वर्षाच्या आत इकडे हे सुरू." मला शाळेत कोणी असं शेजारी ठेवून शिकवलं असतं तर इतिहासात जरा बरे मार्क पडले असते. कोशिंगा बिचारा जिंकल्यावर काही महिन्यांतच गेला, अवघा ३७ वर्षांचा. त्याचा पुतळा आहे आवारात.

पण खरी गंमत टॉवरवर चढल्यावर कळते (आई खाली बाकावर बसल्या, जिना आहे). वर जाऊन समुद्र शोधायला लागलो तर समोर नुसती घरं. समुद्री किल्ला आणि समुद्र कुठेय? तर किल्ला बांधला तेव्हा तो वाळूच्या पट्ट्यावर होता आणि आतल्या बाजूला मोठी खाडी होती, ताईजियांग म्हणतात तिला. पलीकडच्या काठावर डचांनी १६५३ ला दुसरा किल्ला बांधला, आता त्याला चिकान टॉवर म्हणतात आणि तो भर शहरात आहे. या दोन किल्ल्यांमध्ये होड्या चालायच्या. आता तेवढंच अंतर आम्ही टॅक्सीने गेलो, मधे सिग्नल, सेव्हन-इलेव्हन, शाळा. नद्यांचा गाळ येत राहिला आणि अख्खी खाडी बुजली. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या सहलीचा अर्थ लागतो, कारण ताइनानच्या पश्चिमेला तुम्ही जे जे बघायला जाता, खारफुटी, माशांची तळी, मिठागरं, ते सगळं त्या मेलेल्या खाडीचंच उरलेलं अंग आहे. कुठल्याही टूरवाल्याच्या पानावर हे मला आधी वाचायला मिळालं नव्हतं, ते आपले "दहा इन्स्टा स्पॉट" मोजत असतात.

चिकानला डचांचं फार काही उरलेलं नाही, पायाच्या विटा आणि एक दाराची कमान, वर चिनी पद्धतीच्या माड्या. बाहेर नऊ मोठे शिलालेख रांगेत उभे आहेत, प्रत्येक एकेका दगडी कासवाच्या पाठीवर, चीनच्या छियानलोंग बादशहाने बंड मोडल्याच्या आनंदात पाठवलेले. अर्धा तास खूप झाला.

आनपिंगमध्येच ट्री हाउस आहे, जुन्या ब्रिटिश व्यापारी कंपनीचं गोदाम, पुढे मीठ कंपनीकडे गेलं आणि मग ओस पडलं तर वडाने आत घुसून छप्परच गिळलं. वरून फिरायला लोखंडी-लाकडी पूल केलाय. छान आहे, पण किल्ल्याच्या भिंतीनंतर मला तरी तेवढं वाटलं नाही. आईंना मात्र हेच जास्त आवडलं, त्यांनी खाली मुळांना हात लावून नमस्कार केला, शेजारच्या कोरियन मुलीने बघून तसाच केला. गल्ल्यांमध्ये घरांच्या दारांवर तोंडात तलवार धरलेल्या सिंहाचे मुखवटे दिसतात, दृष्ट लागू नये म्हणून, ते शोधत हिंडायला मजा येते आणि फुकट आहे.

खाण्याचं. ताइनानला लोक खायलाच येतात, पण त्यातलं निम्मं म्हणजे सकाळी सकाळी बीफ सूप आणि मिल्कफिश, त्यामुळे शाकाहारी माणसाला वाटेल आपलं काय होणार. काही होत नाही. दुकानावर आपलं स्वस्तिक दिसलं (उलट्या दिशेचं) की बिनधास्त आत शिरा, ते शाकाहारी. "वो छृ सू" एवढं पाठ करा, मी शाकाहारी खाते. आणि इथलं भारी काय, की पाकिटांवर शाकाहाराचे प्रकार छापलेले असतात, अंडं चालतं, दूध चालतं, दोन्ही चालतं, काहीच नाही, आणि वर एक वेगळा प्रकार कांदा-लसूणवाला. म्हणजे कडक शाकाहारात कांदा-लसूण धरतच नाहीत, बौद्ध नियम. मी आईंना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, "अगं मग ही माणसं आपलीच की." आनपिंगला तौह्वा नावाचा प्रकार खाल्ला, मऊसूत सोयाच्या दह्यासारखं काहीतरी, वर साखरेचा पाक आणि लाल चवळीसारखे दाणे. आईंनी दुसरी वाटी घेतली. जेवण मात्र सगळीकडे गोडसर लागतं, पूर्वीपासून हा साखरेचा मुलूख, बाबा दुसऱ्या दिवशी हॉटेलात पिशवीतून मिरचीचा ठेचा काढून बसले.

मंगळवार सकाळ, खारफुटीतली बोटराइड. जागेचं नाव पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं आपण "सिकाओ" वाचतो, टॅक्सीवाल्याला ते कळत नाही, "स-त्साओ" म्हणा. तिथल्या देवळासमोरच तिकीट खिडकी, अर्ध्या तासाची फेरी, माणशी २०० डॉलर. बांबूचा तराफा म्हणतात पण बांबू नाही, जाड प्लॅस्टिकच्या पाइपांचा आहे, मागे छोटं इंजिन. बसायला सपाट बाकडी, लाइफ जॅकेट आणि त्या शंकूसारख्या टोप्या देतात. आईंना टोपी घालायची नव्हती, अंबाडा मोडतो म्हणून, मग पहिली फांदी डोक्याला घासून गेल्यावर गुपचूप घातली.

आत शिरल्यावर दोन्ही बाजूंची झाडं वर जाऊन एकमेकांना मिळतात आणि पाणी अगदी स्थिर, त्यामुळे वरची कमान खाली पाण्यात दिसते आणि तुम्ही एका हिरव्या अंड्याच्या मधोमध सरकताय असं वाटतं. ऊन डोक्यावर असताना हे जास्त छान दिसतं, सकाळी लवकर जायची घाई करू नका, अकराच्या आसपासची फेरी धरा. काठाच्या चिखलात एक नांगी मोठी असलेले ते खेकडे, शेकड्याने, तराफा जवळ आला की सगळे एकदम बिळात. उड्या मारणारे मासेही दिसतात. गाइड माइकवर सगळं चिनीत सांगत होता, एक अक्षर कळलं नाही, पण बोटीतले बाकीचे हसले की बाबा पण हसायचे, आणि एकदा तर आधीच हसले. शेवटाला जुन्या जकात नाक्याचे अवशेष आहेत, तराफा वळतो आणि परत. अर्धा तास कमी वाटतो. तरी पैसे वसूल, माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधले सगळ्यात नीट खर्च झालेले २०० डॉलर. सुट्टीच्या दिवशी रांग फार असते, आठवड्यात जा.

सत्साओपर्यंत आणि पुढे छीगूच्या मिठाच्या डोंगरापर्यंत ९९ नंबरची बस जाते, जुलैत आम्ही तीच घेतली होती, स्वस्त आहे, थंडगार एसी, पण एक चुकली की पुढची येईपर्यंत डुलक्या काढा. ज्येष्ठ मंडळी बरोबर म्हणून या वेळी मी दुपारनंतर ड्रायव्हरसकट गाडी घेतली, एका ॲपवरून, अर्ध्या दिवसाचे साडेतीन हजार डॉलर. नाव लिहीत नाही, पण अनुभव लिहिते. ठरलं होतं मिठाचा डोंगर आणि मग सूर्यास्ताला जिंगझज्याओची मिठागरं. माणूस वागायला चांगला, गाडी स्वच्छ, पण मधेच "टेन मिनिट, टेन मिनिट" करत एका सुक्या माशांच्या दुकानात नेऊन उभं केलं. आईंना! सुक्या माशांच्या दुकानात! त्या नाकाला पदर लावून गाडीतच बसल्या, बाबा उत्सुकतेपोटी आत गेले, मी घड्याळाकडे बघत होते. त्यातून ते दहाचे पस्तीस मिनिटं झाले. नोव्हेंबरात तिकडे सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, आम्ही पावणेपाचला अजून दुकानात. गाडी बुक करताना मेसेजमध्येच स्पष्ट लिहून घ्या, दुकान नको, आणि आधी मिठागर मग बाकीचं. माझी चूक ही की मी तोंडीच बोलले.

मिठाचा डोंगर गाळून टाकला तरी चालेल खरं सांगायचं तर. मीठ साठवून साठवून केलेला ढिगारा, आता मळकट झालाय, वर चढायला पायऱ्या, खाली मुलांसाठी खेळ आणि खारट आइस्क्रीमचे स्टॉल. फोटोत बर्फासारखा दिसतो, समोर गेल्यावर रस्त्याच्या कामाचा ढीग वाटतो. फक्त एवढं माहीत असू द्या की तैवानात उन्हावर मीठ करायला १६६५ मध्ये सुरुवात झाली आणि २००२ साली धंदा बंद पडला, ३३७ वर्षांनी, आणि आता जे चालतं ते बघायला येणाऱ्यांसाठी.

जिंगझज्याओ मात्र चुकवू नका. १८१८ सालचं मिठागर, वाफ्यांच्या तळाला फुटक्या मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवलेत, एकेक तुकडा वेगळ्या आकाराचा, पाणी उथळ असल्यामुळे खालची नक्षी दिसते. माती मिठात मिसळू नये म्हणून हे तुकडे, आणि तापतातही लवकर. वाफ्यावाफ्यात मिठाच्या छोट्या छोट्या पांढऱ्या राशी. आम्ही धावतपळत पोचलो तेव्हा सूर्य बोटभर उरला होता, आकाश केशरी, आणि प्रत्येक वाफ्यात एकेक आकाश. सगळे ट्रायपॉडवाले रांगेत, कोणी बोलत नव्हतं. आई एका कडेला उकिडवं बसायला गेल्या, गुडघ्याने नकार दिला, मग वाकूनच चिमूटभर मीठ उचललं आणि जिभेवर ठेवलं. "आपल्यापेक्षा खारट," म्हणाल्या. दहा-बारा मिनिटं मिळाली आम्हाला तिथे. तासभर हवा होता. वाटेत छीगूच्या पाणथळीत थंडीचे काळ्या तोंडाचे चमचे पक्षी येतात, ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, ते सुक्या माशांच्या दुकानापायी राहिले. अजून राग गेला नाही माझा.

रात्रीचं मार्केट. इथे एकच एक नाईट मार्केट रोज नसतं, वार ठरलेले, आणि गावातल्यांनी ते पाठ राहावं म्हणून गाणं करून ठेवलंय, सोमवारपासून धरायचं: दा दा वू ह्वा दा वू ह्वा. दा म्हणजे दादोंग, वू म्हणजे वूशंग, ह्वा म्हणजे ह्वायुआन, बागेवालं, सगळ्यात मोठं. (शनिवारी ह्वायुआनही चालू असतं, गाण्यात बसलं नाही म्हणून सोडलं असावं.) बाबांना हे इतकं आवडलं की ते हॉटेलच्या लिफ्टमध्ये "दादा वूह्वा" म्हणत होते. आम्ही रविवारी पोचलो त्याच संध्याकाळी ह्वायुआनला गेलो, गर्दी प्रचंड, बसायला जागा नाही, आणि स्टिंकी टोफूचा वास लांबूनच स्वागताला येतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर सोमवारचं दादोंग बरं, लहान आणि गावचं.

चालण्याबद्दल एक तक्रार आहेच. दुकानांपुढे छान कमानीखालचा पॅसेज असतो, ऊन-पावसात चालायला केलेला, आणि त्यात अख्ख्या गावाच्या स्कूटर लावलेल्या. मग दर दहा पावलांनी रस्त्यावर उतरा, परत चढा, त्यात प्रत्येक दुकानाची पायरी वेगळ्या उंचीची. आईंचे गुडघे किल्ल्याने नाही, या पायऱ्यांनी दुखवले. कन्फ्यूशियसचं देऊळ आणि हायाशी स्टोअर एकमेकांपासून पायी जवळ आहेत तरी टॅक्सी केली. देऊळ १६६५ चं, तैवानमधली पहिली शाळा तिथेच, आवारात झाडं मोठी आणि शांतता. हायाशी हे १९३२ चं जपानी डिपार्टमेंट स्टोअर, गच्चीवर छोटं शिंतो देऊळ आणि महायुद्धातल्या विमानहल्ल्याच्या खुणा भिंतीवर तशाच ठेवल्यात. लिफ्टच्या वर मजला दाखवायला घड्याळासारखा काटा आहे, आई दोनदा उगाच वरखाली करून आल्या. वस्तू महाग, नुसतं बघा.

आंब्याबद्दल विचारतील म्हणून: जुलैत गेलात तर यूजिंगचा आंबा आणि बर्फाचा मोठा डोंगर मिळतो, लालचुटूक सालीचा, रसाळ, गोड, रेषा नाहीत. चांगला आहे. याहून जास्त माझ्याकडून अपेक्षा करू नका, या विषयात मी निष्पक्ष नाही.

आता बुधवारचा पोपट. परतीच्या वाटेवर चीमेई म्युझियम करायचं होतं, बाओआन स्टेशनला उतरून दहाएक मिनिटं चालत, आणि ती लोकल पुढे शालुनलाच जाते त्यामुळे अगदी सोयीचं. जुलैत मी पाहिलेलं, व्हायोलिनचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह तिथे आहे, स्ट्रादिव्हारी या जुन्या नामवंत कारागिराची व्हायोलिनंसुद्धा, आणि बाबांना दाखवायचं होतं ते शस्त्रांचं दालन. बॅगा ओढत स्टेशनबाहेर आलो, बाबांनी फोनवर पाटी वाचावी तसं वाचून विचारलं, "अगं, बुधवारी बंद असं दिसतंय?" बंद. दर बुधवारी बंद असतं आणि मी, जी सगळ्यांना प्लॅनिंगवरून ऐकवत असते, तिने वार बघितलाच नव्हता. बाबा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पण बाओआन स्टेशन स्वतःच बघण्यासारखं आहे, जपानी काळातलं लाकडी, छोटंसं. आणि तिथे खिडकीवर एक तिकीट मागतात सगळे, योंगखांग ते बाओआन, त्या दोन स्टेशनांची नावं जुळवली की "कायम सुखरूप, निरोगी" असा अर्थ होतो म्हणून. जुन्या पद्धतीचं जाड पुठ्ठ्याचं तिकीट, आपल्याकडे पूर्वी लोकलला असायचं तसं. आम्हाला योंगखांगला जायचंच नव्हतं, ते उलट्या दिशेला. आईंनी चार घेतली, घरातल्या प्रत्येकाला एक, आणि पर्समध्ये अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवली. बाबांनी आपलं परत मागून घेतलं, चष्मा वर करून दोन्ही बाजू वाचल्या, आणि शालुनची लोकल येईपर्यंत आईंना परत दिलं नाही.